'पुरावे' नावाचं फोल्डर

चष्मेवाल्यांच्या मोबाइलने त्या सकाळी पुन्हा एकदा मान टाकली. गिऱ्हाइकाच्या मोडक्या फ्रेमचा फोटो काढून कारखान्याला पाठवायचा होता, आणि पडद्यावर आपलं तेच पालुपद: जागा शिल्लक नाही.

"पुसून टाका की काहीतरी," बायको गाडीच्या किल्ल्या शोधत म्हणाली. ती लोकांना गाडी चालवायला शिकवत असे. दिवसभर नवशिक्यांच्या शेजारी जीव मुठीत धरून बसल्यामुळे घरी आल्यावर तिला कशाचीच भीती उरत नसे, नवऱ्याची तर नाहीच.

"पुसण्यासारखं काही नाही. सगळं महत्त्वाचं आहे."

"एवढं काय साठवलंय?"

"कामाचं," असं पुटपुटून ते अर्धा चहा तसाच ठेवून दुकानात पळाले.

कामाचं वगैरे काही नव्हतं. या दोघांमध्ये लग्नापासून एकच वाद मिटायचा राहिला होता: घोरतं कोण? ती म्हणे तुम्ही, हे म्हणत तू. शेवटी चष्मेवाल्यांनी ठरवलं की तोंडी बोलण्यात अर्थ नाही, पुरावा पाहिजे. झोपताना ते गुपचूप मोबाइलवर रेकॉर्डिंग चालू करून उशीशी ठेवू लागले. सकाळी दुकानात जाऊन थोडंसं ऐकायचं. घाटात ट्रक चढावा तसा आवाज आला की खूश होऊन त्या फाइलला नाव द्यायचं आणि 'पुरावे' या फोल्डरमध्ये टाकायची. भरपूर जमले की एकदम तिच्यापुढे ठेवायचे, असा बेत होता. पण मोबाइलचं पोट त्याआधीच भरलं.

"क्लाउडवर टाका ना," एका गिऱ्हाइकाने सुचवलं. "फुकट जागा देतात."

'फुकट' म्हटल्यावर चष्मेवाले कामाला लागले. आपल्याच वस्तू ठेवायला आपणच भाडं भरायचं, ही कल्पनाच त्यांना सहन होत नव्हती. पण फुकट देणारेही थोडेथोडके नव्हते. एकजण जागा ऐसपैस देत होता, पण मोठी फाइल आत घेत नव्हता. दुसरा सगळं घेत होता, पण बरेच दिवस फिरकला नाहीत तर सगळं पुसून टाकू, अशी धमकीही देत होता. तिसऱ्याच्या अटी एवढ्या बारीक अक्षरात होत्या की चष्मेवाल्यांना त्यात धंद्याची संधी दिसली. जन्मभर त्यांनी लोकांच्या डोळ्यांपुढे भिंगं बदलत "हे स्पष्ट, की हे?" असं विचारलं होतं. आता स्वतःवर वेळ आली तेव्हा कळलं, की गिऱ्हाइकं एवढी का गोंधळतात.

अखेर एक सेवा मनात भरली. तिथे जेवढी माणसं बोलवाल तेवढी जागा वाढत जाई. चष्मेवाल्यांनी 'पुरावे' फोल्डर तिथे चढवायला लावलं आणि बोलवायला सगळे नातेवाईक निवडले. मग पडद्यावर काहीबाही प्रश्न येत गेले आणि ते 'पुढे', 'पुढे' दाबत गेले. त्यांतला एक प्रश्न असा होता: बोलावलेल्या मंडळींना तुमचं फोल्डर दाखवायचं का? तेही त्यांनी 'पुढे' म्हणून पार केलं, आणि जागा मिळाल्याच्या आनंदात मोबाइल खिशात टाकून एका आजोबांचा नंबर तपासायला बसले.

संध्याकाळी ते घरी पोचतात तो दारात चपलांचा ढीग. आत बायकोचा थोरला भाऊ, म्हणजे दादा, हाताची घडी घालून उभा होता. सासूबाई डोळ्यांना पदर लावून सोफ्यावर बसल्या होत्या. त्यांच्या शेजारी त्यांचे भाऊ होते. वकिली सोडून त्यांना कैक वर्षं झाली होती, पण वकीलमामांनी काळा कोट मात्र चढवला होता.

"या भावोजी," दादा म्हणाला. "काय कमी पडलं हो तुम्हाला आमच्या बहिणीत?"

"म्हणजे?"

"आता साळसूद बनू नका. हे काय आहे?" दादाने आपला मोबाइल त्यांच्या नाकापुढे धरला. 'पुरावे' हे फोल्डर तुम्हाला दाखवण्यात आलं आहे, असा निरोप होता. खाली फाइलींची नावं. 'ती – सोमवार.' 'ती – बुधवार, असह्य.' 'ती – शनिवार, शेजाऱ्यांनाही कळलं असणार.'

"शेजाऱ्यांना काय कळलं असणार?" सासूबाईंनी हुंदका दिला. "जावईबापू, माझी मुलगी तशी नाही हो!"

"फाइल उघडून पाहायची ना!" चष्मेवाले किंचाळले.

"उघडत नाही. आधी खातं काढा म्हणतंय," दादा म्हणाला. "आणि उघडायची गरजही नाही. नावं वाचली, तेवढी पुरे."

वकीलमामांनी घसा साफ केला. "घटस्फोटाच्या कामात पुरावा असा आधीच विरुद्ध बाजूला दाखवायचा नसतो. ही तुमची पहिली चूक."

"घटस्फोट? कुणाचा?"

"माझा," दारातून आवाज आला. बायको शिकवण्या आटोपून आली होती. तिचा चेहरा पाहून वकीलमामासुद्धा कोट सावरत थोडे मागे सरकले. "आईने फोनवर सांगितलं सगळं. लावा. काय पुरावा आहे तो सगळ्यांसमोर लावा."

चष्मेवाल्यांपुढे दुसरा रस्ताच नव्हता. त्यांनी 'ती – बुधवार, असह्य' लावली. खोलीत एक दणदणीत घोरणं घुमलं. सगळे एकमेकांकडे बघायला लागले.

"घोरणं?" दादा म्हणाला.

"घोरणं!" चष्मेवाले विजयाने म्हणाले. "ही घोरते आणि नाव माझं घेते. ऐका!"

घोरणं चालूच होतं. आणि त्याच्यावरून, अगदी जवळून, बायकोचा लख्ख जागा आवाज आला: "घोरा. खुशाल घोरा. तुम्ही असे झोपलात की तेवढं मला बोलता येतं."

चष्मेवाल्यांचा हात बंद करण्याच्या बटणाकडे गेला. सासूबाईंनी तो वरच्यावर पकडला. "थांबा हो. बोलू द्या तिला."

"दादाने आपली शिडी नेली त्याला वर्ष झालं," मोबाइलमधली बायको सांगत होती. "मागायला गेले तर म्हणतो, कुठली शिडी?" दादाने हाताची घडी सोडली आणि पंख्याकडे बघायला लागला. "आईला मी केलेलं काही आवडत नाही आणि वहिनीने केलेलं करपलं तरी खमंग लागतं. वकीलमामांचं तर काय, जन्मात एक खटला जिंकले आणि तो अजून सांगतात."

"एक नाही," वकीलमामा क्षीण आवाजात म्हणाले.

त्यानंतर मंडळी फार थांबली नाहीत. दादाला अचानक काम आठवलं, सासूबाईंचे गुडघे दुखायला लागले आणि वकीलमामांनी घडलेल्या प्रकारात तथ्य नसल्याचं दारातूनच जाहीर केलं. रेकॉर्डिंग मात्र चालूच राहिलं होतं.

"अख्ख्या गावाला गाडी शिकवते मी," रिकाम्या खोलीत तो आवाज म्हणाला. आता तो जरा हळू झाला होता. "दिवसभर ब्रेकवर पाय. एखाद्या दिवशी घरातल्या कुणीतरी मला बाजूला बसवून फिरवावं, मी नुसतं खिडकीतून बाहेर बघावं, असं वाटतं हो. पण तुम्हाला माझ्याकडून शिकायचं नाही. बायको ओरडेल ना!"

पुढे नुसतं घोरणं. चष्मेवाल्यांनी मोबाइल बंद केला. बायको पाठमोरी उभी राहून खिडकीच्या पडद्याची मुळीच न पडलेली घडी नीट करत होती.

"पुसून टाकतो सगळं," ते म्हणाले.

"टाका."

त्यांनी सगळं पुसलं. मोबाइलमध्ये एवढी जागा झाली की फुकटच्या क्लाउडची गरजच उरली नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती गाडीपाशी आली, तर चष्मेवाले आधीच येऊन चालकाच्या जागेवर बसले होते. पट्टा लावलेला, दोन्ही हातांनी चाक घट्ट धरलेलं, कपाळावर घाम. गाडी अजून सुरूही झाली नव्हती.

ती शेजारी बसली. "क्लच दाबा. हळूच सोडा."

गाडीने एक उडी मारली आणि बंद पडली. पुन्हा सुरू केली, पुन्हा उडी. गल्लीच्या तोंडाशी पोचेपर्यंत एक कचऱ्याचा डबा आडवा झाला होता आणि मागे हॉर्नची रांग लागली होती. चष्मेवाल्यांनी भीतभीत बाजूला पाहिलं. बायको शांतपणे खिडकीतून बाहेर बघत होती.

"ओरडत का नाहीस?" त्यांनी विचारलं.

"ओरडेन की," ती म्हणाली. "रात्री. तुम्ही झोपल्यावर."