कांद्याचं दार

बबनराव तुम्हाला कम्प्युटर बघायला घरी बोलावतात आणि कम्प्युटर सुरू होऊ देत नाहीत. बटण दाबलं की पहिला पडदा येतो. त्यावर तीन चित्रं: स्पॅनर, कंपनीची बस आणि कांदा. इथे बबनराव खुर्ची मागे सरकवून हाताची घडी घालतात. "बघा," म्हणतात. आपण बघतो. चहा येतो, निवतो. पडदा तसाच.

रहाटणीत आमची दारं समोरासमोर आहेत. बबनराव मूळचे निघोज्याचे, नोकरी चाकणला एका कारखान्यात मेंटेनन्सला. त्यांच्या एकाच यंत्रात तीन सिस्टिम नांदतात. सुरुवातीलाच 'कुठली हवी?' असं विचारणारा जो छोटासा प्रोग्रॅम असतो, त्या बूटलोडरवर त्यांचा जीव. त्याची थीम ते महिन्याला रंगवतात, पण चित्रं तीच ठेवतात. कांद्याच्या फोटोसाठी त्यांनी बाजारातून पाच किलो कांदे आणून त्यातला एक निवडला होता. नापास झालेल्यांची भजी आम्ही खाल्ली.

"एका घराला तीन सिस्टिम कशाला?" मी एकदा विचारलं.

"एक बंद पडली तर दुसरी हाय. लाइन थांबता कामा न्हाई, सर."

"आणि ही चित्रं?"

"लोकं आत काय हाय ते बघत्यात. दार कोन बघतंय?"

कांदा कमलवहिनींचा, एवढं मला माहीत होतं. त्यांचं माहेर कांदेवाल्यांचं. कांदा निवडला की मोठमोठी बटणं येत: एक भजनांचं, एक परदेशी असलेल्या लेकीशी बोलायचं. मी कॉलेजात मराठी शिकवतो. अक्षरं असताना चित्रं काढत बसणाऱ्या माणसाची मला कीव यायची, आणि ती मी फारशी लपवत नसे.

परीक्षेच्या आठवड्यात माझा लॅपटॉप बिघडला. "माझा वापरा की, मी सेकंड शिफ्टला हाय," म्हणून बबनराव दुपारच्या बसने गेले. मी बटण दाबलं, हात धुऊन आलो, तरी कांदा माझ्याकडे बघत होता. कोणी निवड करेपर्यंत तो पडदा हलत नसे. वेळेची मर्यादा त्यांनी काढूनच टाकली होती. मला राग आला. कुठल्या फाइलमध्ये काय लिहायचं हे त्यांच्या व्याख्यानांनी मला पाठ झालेलं होतं. मी थीम उडवली, दहा सेकंदांची मुदत घातली. काळ्या पडद्यावर पांढरी, शिस्तीतली अक्षरं आली. तीन नावं, तिसरं 'कमल'. घराला वळण लावल्याच्या समाधानात मी प्रश्नपत्रिका संपवून घरी आलो.

साडेचारला वहिनींनी दार वाजवलं.

"सर, कम्प्युटर येगळाच वागतोय. तीनदा चालू केला. चारला पोरीचा फोन येतो, तिला तेवढीच सुट्टी असती. ऱ्हायलाच आज."

मी गेलो, यंत्र पुन्हा सुरू केलं आणि पडद्यावर बोट ठेवलं. "हे काय वहिनी, तुमचंच तर नाव आहे!"

त्यांनी पडद्याकडे पाहिलं. मग माझ्याकडे. मग हसल्या.

"व्हय की. चष्मा सापडंना झालाय सकाळधरनं."

चष्मा त्यांच्या नाकावर होता.

दहा सेकंद संपले आणि भलतीच सिस्टिम उघडली. मला शेजारातली सहा वर्षं आठवली: सोसायटीच्या बैठकीत घरी राहिलेला चष्मा, लग्नपत्रिका आली की हरवणारा चष्मा. अक्षरांवर पोट भरणाऱ्या मला ते समोरच्या दारात कळलं नव्हतं. मी यंत्र पुन्हा सुरू केलं आणि मान खाली घालून कांदा निवडायच्या जागी तिसरी ओळ निवडली. फोन लावला, लेकीने उचलला नाही.

दुसऱ्या दिवशी बबनराव बसची वाट बघत उभे होते. मी माफी मागायला गेलो.

"टाकली मी थीम परत," ते म्हणाले. मग आवाज खाली आणून, "तुमाला समजलं, हे तिला समजलं का?"

"नाही," मी म्हटलं. ते खरं होतं की नाही, मला आजही सांगता येत नाही.

"मग ऱ्हाऊ द्या. रविवारी या, रंग बदललाय."

रविवारी गेलो. पडद्यावर कांदा होता, मागे नवा जांभळा रंग. "बघा," बबनराव म्हणाले. मी बघितलं, चहा निवेपर्यंत.

वहिनी आतून एक कागद घेऊन आल्या. "सर, सोसायटीची नोटीस आलीय वाटतं. जरा वाचता का? चष्मा कुठं ठिवला कुणास ठाऊक."

मी कागद घेतला आणि त्यांच्या नाकाकडे न बघता सावकाश वाचून दाखवला.