तात्यांचा हवालदार

खुनाचा सिनेमा लागला की अख्खी आळी खुनी शोधते. आमचे शेजारी सखाराम तात्या हवालदार शोधतात. तो दिसला की खाटेवरून उठणार, टीव्हीला नाक लावणार आणि त्याच्या छातीवरचं नाव वाचणार. नाव आपल्या बाजूचं आणि पोट सुटलेलं निघालं, की बटण दाबून टीव्ही बंद. टीव्ही त्यांचा. बोलणार कोण?

"इन्स्पेक्टर गोरा, उंच, कुठल्या गावचा ते त्यालाच ठावं. आन् हवालदार आला की आपला. तोंडात पान. का रं?"

"तात्या, खुनी तेवढा कळू द्या."

"नोकर आसल. आपल्यातलाच कुणीतरी आसल. जावा घरी."

एकदा स्मगलरच्या बंगल्यात दारूच्या बाटल्यांशेजारी बुद्धाची मूर्ती दाखवली. तात्यांचं घर बौद्धांचं. म्हणाले, "स्मगलरच्या घरी बुद्ध, मग इन्स्पेक्टरच्या घरी का न्हाई? माझ्या तर हाय." पुढं आठवडाभर टीव्ही लागला नाही.

त्यांचा एकुलता मुलगा मिलिंद मुंबईत पोलीस हवालदार. हे सांगितलं म्हणजे बाकी समजेल.

तर आम्ही दोघं महाळुंग्याहून बेल्ह्याच्या बैलबाजाराला गेलो, आणि तिथं सिनेमाचं शूटिंग. तात्यांच्या मिशा बघून एका टोपीवाल्या पोरानं त्यांना थेट हवालदाराची खाकी चढवली. मला तर लई चेव आला. आमच्या आळीचा माणूस पडद्यावर येणार होता, राव.

काम सोपं. हवालदारानं झाडाखाली घोरायचं, चोरानं शेजारचा बैल न्यायचा. तात्या आडवे झाले. चोर दावं सोडायला वाकला आणि तात्यांनी त्याची मानगूट धरली.

"आजोबा, तुम्ही झोपलाय."

"घुंगरमाळ वाजतीया. बहिरा हाय का हवालदार?"

घुंगरमाळ काढली. तात्यांनी परत धरला.

"आता काय झालं?"

"वास आला. चोरानं सेंट मारलाय."

बाजार सौदे सोडून गोळा झाला. शिट्ट्या काय, टोप्या काय. मीही ओरडलो, "तात्या, सोडू नका." चोर बिचारा लंगडत आला, तरी तात्यांनी धरलाच. टोपीवाल्यानं हात जोडले, "आजोबा, झोपा की."

"हवालदार झोपत नसतो."

शेवटी खाकी उतरवून एका चहावाल्याला दिली. तो पडल्या पडल्या घोरायला लागला.

परतताना जीपमध्ये मी म्हटलं, "तात्या, घोरला असता तर काय बिघडत व्हतं? सगळ्या तालुक्यानं बघितलं असतं."

"मिलिंदनंबी बघितलं असतं," तात्या म्हणाले आणि बाहेर बघत बसले.

पुढं मिलिंद रजेवर आल्याचं कळलं. ही गंमत आपणच आधी सांगायची म्हणून मी सकाळीच हाका मारत निघालो. तात्या दारात उभे. काखेत कोंबडी, तिची चोच चिमटीत धरलेली. मला डोळ्यांनीच दटावलं, चपला काढायला लावल्या.

आत मिलिंद खाकीतच खाटेवर गाढ झोपलेला. एक बूट पायातच.

"सणाचा बंदोबस्त संपवून आलाय," तात्या कुजबुजले.

"शूटिंगचं सांगितलं का?"

त्यांनी मानेनंच नाही म्हटलं. दारातून आलेलं ऊन पोराच्या तोंडावर पडू नये म्हणून ते तिथं उभे होते. ऊन सरकलं तसे कोंबडीसकट तेही थोडे सरकले.