पराते बाबूंचं सह्यांचं रजिस्टर

आमच्या संस्थेच्या कॉलेजचे हेडक्लार्क पराते बाबू माणसांवर विश्वास ठेवत नसत. सहीवर ठेवत, तोही भिंगातून पाहून. टेबलावर एक जाड रजिस्टर. त्यात ज्यांच्या सह्या चिकटवलेल्या, त्यांचेच दाखले खरे.

मुलांनो, तुमची आजी त्यात नव्हती! मी त्याच संस्थेच्या शाळेत नुकतीच हेडमिस्ट्रेस झाले होते. शाळा आणि कॉलेजच्या मध्ये फक्त एक भिंत. हा गृहस्थ रोज सकाळी मला नमस्कार करी.

माझ्या शाळेतली विणकराची कुंदा घरातली पहिली मॅट्रिक. कॉलेजप्रवेशाच्या शेवटच्या दिवशी ती रडत परत आली. मी सही केलेल्या शाळेच्या दाखल्यावर लाल शाईत शेरा : 'सही अनोळखी'. मी तिला घेऊन तडक ऑफिसात गेले.

"बाबू, मी कोण?"

"हेडबाई."

"मग सही कोणाची?"

"तुमची असन. मी तुम्हाले ओळखतो बाई, सहीले नाही ओळखत."

"शिक्का तर आपल्याच संस्थेचा आहे!"

"म्हणूनच त भेव वाटते. घरचा शिक्का कोणीबी मारते. सेक्रेटरी साहेबाचं पत्र आणा."

मराठी अपुरं पडलं, म्हणून मी इंग्रजीत बोलले. ते भिंग पुसत राहिले. शेवटी भर जूनच्या दुपारी सायकलरिक्षाने धरमपेठेत सेक्रेटरींच्या घरी जाऊन मी पत्र आणलं. आधी त्यांनी सेक्रेटरींची सही ताडून पाहिली, मग माझी रजिस्टरात चिकटवली.

"जाय वं पोरी, झाली तुही अ‍ॅडमिशन!"

कुंदा पळाली. माझा राग मात्र तिथेच उभा. मी रजिस्टर धाडकन मिटायला गेले, तर पानं उलटली आणि शेवटच्या पानावर वहीतून कापलेली पोरकट सही दिसली : सुधाकर पराते. शेजारी खालची सही तेवढी दिसेल अशी दुमडलेली दोन पत्रं, दोन्हींवर लाल शेरा : 'सही अनोळखी'.

"हा कोण अधिकारी?" मी टोमणा मारला.

"पोरगा माहा. नववीत होता, तवा घरून गेला. आठ वर्सं झाले. त्याच्या नावानं दोन पत्रं आले. सही जुळत नाही."

"वाचली तरी का?"

"सही खोटी, त काहून वाचाचं?"

"अहो, मुलं मोठी होतात! सही बदलते!" मी ओरडलेच.

बाबूंनी पुन्हा भिंग उचललं. एकदा पोरकट सही पाहिली, एकदा पत्रावरची.

"मंग पोराले ओळखाचं कसं, बाई?"

मी एक पत्र उघडलं आणि मोठ्याने वाचायला लागले. 'बाबा, तुम्ही आधी भिंगानं सहीच पाहता, मले ठाऊक आहे' या दुसऱ्याच ओळीला त्यांनी भिंग खाली ठेवलं.