यमुनाबाईंची जादा टोपली

मुलांनो, एका जंगलात राजाला प्रजेची काळजी वाटू लागली. असं कधीकधी होतं. घाबरू नका, ते फार दिवस टिकत नाही.

राजा अर्थातच वाघ होता. त्याच्या मनात आलं, आपल्या राज्यात ज्या आया एकट्याने पिल्लं वाढवतात, त्यांचं कसं भागत असेल? त्यातल्या बऱ्याच जणी त्याच्याच जेवणामुळे एकट्या पडल्या होत्या, पण तो विषय कुणी काढला नाही. राजाने योजना जाहीर केली. अशा प्रत्येक आईच्या झाडाखाली दर पौर्णिमेला आणि दर अमावास्येला एक टोपली ठेवायची. टोपलीत बेहड्याच्या बिया आणि सुकी बोरं. आईला काम लागलं, की टोपली बंद. राजाने डरकाळी फोडली आणि योजना लागू झाली.

त्याच जंगलात, दरीच्या काठावरच्या उंच झाडावर यमुना नावाची एक शेकरू राहत होती. शेकरू म्हणजे मोठी, तांबूस, झुपकेदार शेपटीची खार. तिला दोन पिल्लं होती, चिमा आणि नाथा. पिल्लांचा बाप दरीपलीकडचे फणस फार मोठे असतात असं ऐकून तिकडे गेला होता. फणस खरंच मोठे असावेत. तो परत आला नाही.

पिल्लं लहान होती तोवर टोपलीने यमुनाला खूप हात दिला, खोटं कशाला सांगायचं? ती टोपली नसती तर यमुनाने पिल्लं घरट्यात ठेवून रानभर वणवण केली असती आणि घारीने तिचं काम हलकं केलं असतं.

मग पिल्लं मोठी झाली. आपली आपण फांद्यांवर खेळू लागली. यमुना आपलं जुनं काम पुन्हा मागायला गेली.

तिचं काम होतं निरोप पोचवण्याचं. दरीच्या या काठावरून त्या काठावर उडी मारायची आणि निरोप सांगून परत यायचं. तुम्ही विचाराल, हे काम पक्ष्यांना का नाही दिलं? दिलं होतं. पण पक्षी वाटेत भेटेल त्याला निरोप सांगत जायचे. मुकादम धनेश स्वतः पक्षी होता, म्हणून त्याला हे पक्कं ठाऊक होतं. यमुनाला पाहून तो खूश झाला.

"उद्यापासून ये," तो म्हणाला. "तुझ्यासारखी उडी कुणाची नाही."

यमुना नाचतच घरी आली. नाचता नाचता मध्येच थांबली. तिला टोपली आठवली.

दुसऱ्या दिवशी कामावर जायच्या आधी ती टोपल्यांच्या कचेरीत गेली. तिथे कासवराव कारकून बसले होते.

"कासवराव, मला काम लागलं. माझी टोपली बंद करा."

कासवरावांनी मान बाहेर काढली. "बंद करा?"

"हो."

"सुरू करा म्हणायला येतात सगळे," कासवराव म्हणाले. पण मनाने ते वाईट नव्हते. त्यांनी पळसाच्या पानावर नखाने नोंद केली. "साहेबांची सही झाली, की बंद होईल."

"साहेब कुठे आहेत?"

"झोपलेत."

कचेरीचे साहेब घुबड होते. कचेरी दिवसा उघडी असायची आणि साहेब रात्री जागे असायचे. राजाने ही नेमणूक करताना साहेबांची विद्वत्ता पाहिली होती, वेळ पाहिली नव्हती.

पौर्णिमा आली. वानर टोपली घेऊन आला आणि झाडाखाली ठेवून निघाला. यमुना वरूनच म्हणाली, "अरे दादा, ती परत ने. मला आता काम आहे."

"वहिनी, मला ठेवायचा हुकूम आहे," वानर म्हणाला. "परत न्यायचा नाही."

आणि तो गेला.

आता तुम्ही म्हणाल, मिळतंय तर खावं की. यमुनाच्या जागी दुसरं कुणी असतं तर खाल्लंही असतं. पण यमुनाने भागाबाईला पाहिलं होतं.

भागाबाई तिची शेजारीण. तीही शेकरूच. तिलाही असंच काम लागलं होतं, तिनेही कचेरीत कळवलं होतं आणि टोपल्या येतच राहिल्या होत्या. भागाबाईला वाटलं, राजा दयाळू आहे. पिल्लांनी टोपल्या खाल्ल्या. मग एके दिवशी कचेरीला जाग आली. जादा गेलेल्या टोपल्या परत द्या, म्हणाले. खाल्लेलं कुठून परत देणार? तेव्हा शेपटीचे केस कापून वसुली झाली. राजाला उशी हवीच होती.

बिनकेसांच्या शेपटीने तोल सांभाळता येत नाही, उडी मारता येत नाही. भागाबाईचं काम गेलं. काम गेलं म्हणून टोपली पुन्हा सुरू झाली. योजनेचा किती उपयोग होतो, हे पाहुण्यांना दाखवायचं असलं की कचेरीवाले भागाबाईच्या झाडाखाली घेऊन येत.

म्हणून यमुनाने टोपली उचलली आणि खोडाच्या ढोलीत नेऊन ठेवली. अमावास्येला दुसरी आली, तीही ठेवली. मग तिसरी. कमाईतून घरात जे यायचं, त्यात तिघांचं भागत होतं, पण जेमतेम. आणि शेजारी ढोलीत बियांचा ढीग.

एके दुपारी ती घरी आली तर नाथाच्या गालात काहीतरी होतं.

"तोंड उघड," ती म्हणाली.

नाथाने तोंड उघडलं. बेहड्याची बी.

यमुनाने त्याला फटका मारला. पोटच्या पोराला बी खाल्ली म्हणून मारलं. नाथा रडला नाही, नुसता बघत राहिला. तो रडला असता तर तिला बरं वाटलं असतं. मग तिने आपल्या वाट्याची बी ढोलीत टाकून भरपाई केली आणि तोंडातली त्याची त्याला खाऊ दिली. बी खाताना तो आईकडे पाठ करून बसला.

दर काही दिवसांनी ती कचेरीत जायची.

"कासवराव, माझं काय झालं?"

"झोपलेत," कासवराव म्हणायचे. "पण तुमचं पान सगळ्यात वर ठेवलंय." दोन दिवसांत त्यावर दुसरी पानं पडायची. वारा आला की वरची पानं उडून जायची. मग कासवराव सगळ्यांना नव्याने कळवायला सांगायचे.

यमुनाचं कामावर लक्ष लागेना. उडी मारायच्या आधी ती मागे वळून शेपटीकडे पाहायची. आहे ना? आहे. मग उडी. एकदा दरीच्या मधोमध, हवेत असतानाच तिला वाटलं, आज पुन्हा टोपली आली असेल. तेवढ्यात तिचा नेम चुकला. पलीकडची फांदी हातातून निसटली आणि खालच्या वेलीला ती कशीबशी लटकली. खाली दरी होती. निरोप तर तिच्या डोक्यातून साफ निघून गेला होता.

ती वेलीवरून चढून परत आली, तेव्हा धनेशने विचारलं, "यमुनाबाई, घरी काही झालंय का?"

"नाही."

"मग उद्या नीट या. नाहीतर मला दुसरं कुणी बघावं लागेल."

परत जाताना ती भागाबाईच्या झाडावर थांबली. भागाबाई फांदीला घट्ट धरून बसली होती. शेपटीचे केस गेल्यापासून ती तशीच बसायची.

यमुनाने सगळं सांगितलं. भागाबाईने ऐकून घेतलं.

"तू त्यांना काय सांगतेस?" तिने विचारलं.

"बंद करा म्हणून सांगते."

"तिथेच चुकतंय. बंद करायला सही लागते. अगं, तू जास्त माग."

"जास्त?"

"एक टोपली पुरत नाही, दोन द्या, म्हणून सांग. कुणी जास्त मागितलं की त्यांना वाटतं, ही लुबाडते आहे. मग बघ, कशी चौकशी लागते. चौकशीला सही लागत नाही."

"पण मला तर एकही नको आहे. खोटं कसं सांगू?"

"खोटं कुठे सांगतेस? तू नुसतं मागायचं. मागणं खोटं नसतं." भागाबाईने एकदा आपल्या मागे पाहिलं. "मला हे आधी कळलं असतं तर बरं झालं असतं."

यमुना सरळ कचेरीत गेली. तिचे कान तापले होते. "कासवराव, मला एक टोपली पुरत नाही. दोन करा."

मुलांनो, कासव किती हळू चालतं, तुम्हाला माहीत आहे. ते कासव धावलं. मागच्या दाराने धावलं आणि तपासनीस मुंगसाला कळवून आलं. यमुना घरी पोचली तेव्हा मुंगूस तिच्या झाडाखाली उभा होता.

"यमुनाबाई शेकरू?"

"हो."

"तुम्ही निरोपाचं काम करता, अशी आम्हाला गुप्त खबर मिळाली आहे."

"मीच सांगत होते तुम्हाला," यमुना म्हणाली. "कितीदा तरी."

"आरोपीने सांगितलेलं आम्ही धरत नाही," मुंगूस म्हणाला. "तर काम करत असताना टोपल्या घेतल्यात. कबूल?"

"आल्या. घेतल्या नाहीत."

ती वर गेली आणि ढोलीतून एकेक टोपली खाली सोडू लागली. चिमा आणि नाथा तिला मदत करू लागले. टोपल्या उतरत राहिल्या. मुंगसाने एका टोपलीत तोंड घालून पाहिलं. भरलेली होती. दुसरीही भरलेली होती. तो जमिनीवर बसला. त्याच्या इतक्या वर्षांच्या नोकरीत वसुलीला आल्यावर वस्तू जागच्या जागी मिळाली, असं कधी झालं नव्हतं.

"तुम्ही खाल्लं का नाहीत?" त्याने विचारलं. हा प्रश्न सरकारी नव्हता.

"भीती वाटत होती."

"कशाची?"

"तुमची."

मुंगूस उठला. मग त्याने वानराला बोलावलं. परत न्यायचा हुकूम तोंडी दिला. वानराने टोपल्या उचलल्या. यमुनाची टोपली त्या क्षणापासून बंद झाली. शेपटीचा एक केसही गेला नाही, कारण वसूल करायला काही उरलंच नव्हतं.

त्या दिवशी तिने पिल्लांना पोटभर जेवू घातलं. स्वतःही जेवली. नाथा तिच्या मांडीवर येऊन बसला आणि तिच्या ताटातलं खाऊ लागला. तिने खाऊ दिलं. दुसऱ्या दिवशी ती दरीच्या काठावर गेली, मागे वळून न बघता उडी मारली आणि पलीकडे उतरली. धनेशने तिला पुढचा निरोप सांगितला.

इथे गोष्ट संपायला हवी होती. पण कचेरीत सत्कार ठरला. एवढी मोठी लबाडी वेळीच पकडली म्हणून कासवरावांच्या पाठीवर शाल घातली गेली. पाठ गोल असल्यामुळे शाल सारखी घसरत होती. राजाने भाषण केलं. एका शेकरूने दोन टोपल्या उकळण्याचा डाव रचला होता, पण आमच्या सावध यंत्रणेने तो हाणून पाडला, असं तो म्हणाला. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. यमुना पिल्लांना घेऊन मागच्या फांदीवर बसली होती. तिनेही वाजवल्या. न वाजवून चालण्यासारखं नव्हतं.

चिमाने हळूच विचारलं, "आई, ती लबाड शेकरू म्हणजे तू?"

"हो."

"तू लबाड आहेस?"

यमुनाने थोडा विचार केला. "कचेरीत आहे," ती म्हणाली. "घरी नाही."

चिमाला ते पटलं. तिघं घरी गेली.

तात्पर्य : मुलांनो, नेहमी खरं बोलावं. पण काम घाईचं असेल तर आधी आपल्यावर संशय येईल असं वागावं. खऱ्याची चौकशी करायला कुणालाच वेळ नसतो.