सखातात्याची सपानं

मी वारणाकाठच्या एका गावात शाळेवर रुजू झालो आणि पाचव्याच दिवशी सखातात्यानं माझ्याशी बोलणं सोडलं. कारण काय, तर त्याच्या स्वप्नात मी त्याची शेळी शिराळ्याच्या बाजारात नेऊन विकली होती.

"पण तात्या, मी अजून शिराळ्याचा बाजार बघितलासुद्धा नाही," मी म्हणालो.

"म्हंजे कवा बघनारच न्हाईसा व्हय?" असं म्हणून त्यानं शेळीचं दावं घट्ट धरलं आणि भिंतीकडं तोंड करून बसला.

दोन दिवसांनी रुसवा गेला, तोही स्वप्नातच. मी म्हणे शेळी परत आणून बांधली होती. त्या सकाळी तात्या स्वतः चहाची कपबशी घेऊन माझ्या दारात आला. "मानूस वाईट न्हाईसा तुमी," म्हणाला.

माझी खोली त्याच्या घराच्या पुढच्या सोप्याला लागूनच होती. तात्या साठीचा, एकटा. बायको लग्नानंतर तिसऱ्या वर्षी तापानं गेली, मूलबाळ नव्हतं. दीड एकर रान, एक म्हैस आणि ती शेळी. बाकी सगळा संसार स्वप्नात. सकाळी वारणेवरचं धुकं उसाच्या शेंड्यांवर रेंगाळत असायचं तेव्हा तात्या घोंगडी पांघरून गल्लीत निघायचा. रात्री जो स्वप्नात आला असेल त्याच्या दारात जाऊन उभा राहायचा.

"आईक गड्या, लय झ्याक सपान पडलं!"

कुणी धार काढत असो, कुणी तोंडात राखुंडी धरून उभा असो, सुटका नव्हती. तात्याला घाई म्हणून नसे. आधी स्वप्नातली हवा, मग वाट, मग वाटेवरची झाडं, असं करत तो माणसापर्यंत पोचायचा. तोवर तो माणूस रानात निघून गेलेला असायचा. उरलेलं स्वप्न तात्या घरी येऊन म्हशीला सांगायचा.

एकदा स्वप्नात शेजारच्या बापूनं बांध फोडून त्याचं पाणी वळवलं. तात्या आठ दिवस धुमसत होता. शेवटी बापूच कंटाळला आणि हात जोडून म्हणाला, "चुकलं तात्या. पुन्यांदा न्हाई करनार."

"हितं म्हनून काय उपेग? सपनात यिऊन म्हन."

आम्ही हसायचो. पण स्वप्नं मोठी नामी असायची. उसाचे तुरे पाखरांसारखे उडून नदीपल्याड जाऊन बसले. नदी उलटी वाहत देवळापर्यंत आली आणि सगळ्या गावानं पायरीवर बसून पाय धुतले. फळ्यावर गणित घालता घालता मला मध्येच ती नदी दिसायची आणि खडू हातातच राहायचा.

मग एकाहत्तर साली डिसेंबरात लढाई लागली. गावातली बरीच पोरं फौजेत होती. पंचायतीच्या रेडिओपुढं गर्दी जमायला लागली. पत्रं थांबली. आमच्याच गल्लीत हौसाकाकू राहायची. नवरा गेलेला, एकुलता एक मारुती फौजेत, वर बर्फातल्या सरहद्दीवर. एका सकाळी तिनं तात्याला वाटेतच अडवलं.

"आवं तात्या, माजा मारुती न्हाई का येत तुमच्या सपनात?"

तात्या गडबडला. आजवर त्याला कुणी आपणहून विचारलंच नव्हतं. मग म्हणाला, "आला की! कालच आला. चहा पीत बसलावता. थंडी लय हाय म्हनला, पर तब्येत झ्याक."

काकूनं त्याला बसायला घोंगडं टाकलं. त्या दिवसापासून तात्या रोज पहिल्यांदा तिच्या दारात जाऊ लागला. हळूहळू इतर फौजींच्या आयाबायाही येऊन बसायला लागल्या. कुणीही मध्येच उठून जात नसे.

त्याच आठवड्यात तात्या दुपारच्या सुट्टीत शाळेत आला आणि भिंतीवरच्या नकाशापुढं उभा राहिला.

"मास्तर, आपली पोरं हैत तकडं झाडं कसली असत्यात?"

मी मला माहीत होतं तेवढं सांगितलं.

"आन बर्फावनं मानूस चालला, तर पायाचा आवाज येतुया का?"

"तात्या, हे कशाला हवंय तुम्हाला?"

त्यानं दाराकडं पाहिलं. डोळे लालभडक झाले होते. "लढाई लागल्यापासनं डोळ्याला डोळा न्हाई, मास्तर. सपान पडंल कुठनं? वाटंनं जाता जाता रचतो झालं. चुकीचं काय सांगाय नगं म्हनून इचारतो."

मी कुणाला काही बोललो नाही. तो रोज यायचा, मी रोज सांगायचो. बर्फ, देवदार, बंकर. दुसऱ्या सकाळी ते सगळं काकूच्या अंगणात ऐकू यायचं, आणि त्यात मारुती हसत असायचा.

लढाई थांबली. रेडिओपुढं पेढे वाटले. एकेक पत्र यायला लागलं. हौसाकाकूकडं मात्र तार आली.

तात्यानं घराबाहेर पडणं सोडलं. मी जाऊन बसलो तर शेळीच्या दाव्याची गाठ सोडत-बांधत होता. मग म्हणाला, "तारंत जो दिस लिवलाय न्हवं, त्याच्या दुसऱ्या दिशी म्या तिला सांगितलं, मारुती हुरडा खाया येतो म्हनलाय. कसली हसली हुती ती. कुटल्या तोंडानं जाऊ आता तिच्या म्होरं?"

त्यानंतर ना त्यानं कुणाला स्वप्न सांगितलं, ना कुणी विचारलं. गल्लीतल्या सकाळी मुक्या झाल्या. लोक आपापल्या धारा काढून वेळेत रानात जायला लागले आणि कुणालाच ते बरं वाटत नव्हतं.

हळदी शिजवायचे दिवस आले. सगळ्या गावावर त्या वाफेचा उग्र, ओला वास पसरला होता. मी शाळेला निघत होतो, तेवढ्यात हौसाकाकू तात्याच्या सोप्यासमोर येऊन उभी राहिली. तात्या तिला बघून उठायला लागला.

"बसा," काकू म्हणाली. "भांडाय न्हाई आले."

"वैनी, ती सपानं..." तात्यानं घोंगडीची दशी ओढली. "तवा मला सपानं पडतच न्हवती."

"मला कळायचं ते. माजा मारुती चहा पीत न्हवता." काकू जोत्यावर टेकली. पदरानं तोंड पुसलं. "पर तेवढे दिस जेवन जायचं मला." मग म्हणाली, "आज मला सपान पडलं, तात्या. कुनाला सांगू, कळंना. मान्सं रडाय लागत्यात."

तात्यानं घोंगडी सरकवून तिला नीट बसायला जागा केली. आयुष्यभर दुसऱ्याला स्वप्नं सांगत हिंडलेला माणूस हात मांडीवर ठेवून ऐकायला बसला.

"हळदीला पानी पाजत हुता," काकू म्हणाली.

"आदी हवा कशी हुती त्ये सांगा," तात्या हलकेच म्हणाला. "सावकाश सांगा. मला कुटं जायाचं न्हाई."