उद्घाटनयोग्य आवृत्ती

वरूडच्या संत्रा विक्री समितीने फाटकावरचा फळा सोमवारी समारंभपूर्वक पुसला. पंचवीस वर्षं चौकीदार नत्थुजी त्यावर खडूने प्रत्येकाचा लिलावाचा नंबर लिहीत. यापुढे नंबर संकेतस्थळावरच मिळेल आणि समितीबाहेर माल विकणाऱ्याला तो कधीच मिळणार नाही, असा ठराव झाला. संकेतस्थळाचं उद्घाटन तेवढं बाकी होतं.

अमरावतीच्या वकार नावाच्या प्रोग्रामरने ते केव्हाच तयार केलं होतं. ते चालतही होतं, पण नारळाविना चालणारी वस्तू समितीच्या लेखी बंदच असते. अध्यक्ष केशवरावांनी प्रमुख पाहुण्यांची बारा दिवसांनंतरची तारीख घेतली आणि पत्रिका छापल्या: ‘आधुनिक संगणकभाषा, आवृत्ती ७.०.२’. नवव्या दिवशी त्या भाषेची ७.०.३ आली.

“सायेब, जुन्यावरबी मस्त चालून राहिलं,” वकार म्हणाला. “फरक इतकुसाच हाय.”

“पाहुण्यायले शिळं उद्घाटन देऊ काय?” केशवराव कडाडले.

नव्या पत्रिका आल्या, नवी तारीख आली, आणि तारखेच्या आदल्या दिवशी ७.०.४ आली. वकारने सुचवलं, पत्रिकेत आकडाच नको. त्यावर उपसमिती नेमण्यात आली. आकड्याविना पत्रिका म्हणजे नवरदेवाच्या नावाविना लग्नपत्रिका, असा तिचा एकमुखी अहवाल आला.

इकडे शेडमध्ये मोर्शीच्या पार्बताबाईंची चाळीस क्रेट संत्री नंबराविना पडून होती. त्या कोरड्या वर्षी टँकरच्या पाण्यावर जगवलेला तेवढाच बहार. रोज पहिल्या जीपने येऊन त्या क्रेटपाशी बसत. खालची फळं आता पाझरू लागली होती.

“नत्थुजी, खडू हाय ना तुमच्यापाशी? लिवून द्या ना नंबर.”

“खडू हाय, बाई. पन लिवू कुठी? फळ्यावर पत्रिका चिकटवल्या.”

हे वकारने ऐकलं. पुढच्या तारखेआधी ७.०.५ आली, तेव्हा तो केशवरावांसमोर धडधडीत खोटं बोलला. “काईच नवं नाई आलं, सायेब.” त्याच्या नोकरीतलं तेवढंच उपयोगी काम.

उद्घाटन झालं. पार्बताबाईंना पहिला नंबर मिळाला. लिलावात व्यापाऱ्यांनी नाकाला रुमाल लावले आणि कोणी बोली लावली नाही. समितीने मात्र वरची धड बाजू दिसेल अशी त्यांतलीच चार संत्री मांडून त्यांचा फोटो संकेतस्थळावर टाकला.

चार दिवसांनी वकारने तो मोबाइलवर दाखवला. “मावशी, अकरा हजार लोकायनं आंगठा देला. ‘किती अद्ययावत!’ म्हनते.”

पार्बताबाईंनी मोबाइल जवळ घेऊन पाहिला. “इत्ते लोक व्हते, त घ्याले कोनीच काहून नाई आलं?”

वकारने मोबाइल परत घेऊन खिशात घातला. उत्तर तुम्हीच द्या. अंगठ्यांची यादी मी पाहिली आहे, तुमचं नाव चौथ्या पानावर आहे.