रघूची गाडी पाणी टाकते

रघूने सकाळी गाडीचं बोनेट उघडलं आणि जेवणवेळेपर्यंत अंगणात इतका पसारा मांडला, की सुकट वाळत कुठे घालावी हा गुणवंतीला प्रश्न पडला. काळ्या रबरी नळ्यांचे तुकडे, गंजून मोडलेल्या क्लिपा, पान्हे, आणि सगळ्याच्या मधोमध हिरव्या पाण्याने काठोकाठ भरलेलं घमेलं.

"त्या घमेल्याला कोन शिवायचा नाय हां," रघूने घरातल्यांना आणि कुंपणावरच्या मांजरांना एकदमच बजावलं. "कूलंट हाय. विषारी."

"मग माझ्याच घमेल्यात कशाला ओतलात?"

रघूने पुन्हा डोकं बोनेटमध्ये घातलं.

घाई होती ती दिशासाठी. त्यांची एकुलती एक लेक खेडला दिली होती. तिला सातवा लागला होता आणि दुसऱ्या दिवशी सासरी डोहाळजेवण होतं. पण जिचं डोहाळजेवण तीच जेवत नव्हती. फोडणीचा वास आला की ती उठून अंगणात जायची. भाताच्या चार शितांवर दिवस काढायची. तिला एकच हवं होतं, माहेरचा, मिरकरवाड्याच्या जेटीवरचा ताजा बांगडा. दर्शनने, म्हणजे जावयाने, बायकोच्या हौसेखातर खेडच्या बाजारातून बांगडे आणले, तर तिने एक घास घेऊन ताट सरकवलं आणि माहेरी फोन लावला. "बाबा, ह्याला आपल्या जेटीचा वासच नाय वो," म्हणाली आणि रडली. 

तेवढ्यात व्याह्यांनी फोन हातात घेतला. ते लोट्याला कंपनीत मेंटेनन्सला होते आणि जगातल्या सगळ्या यंत्रांची काळजी आपल्यालाच वाहायची आहे असं त्यांना वाटे. "रघुनाथराव, तुम्ही मासे घेऊन तयार राहा, मी आमची गाडी पाठवतो. तुमच्या गाडीचं काही खरं नाही."

हे वाक्य रघूला लागलं. लागायचं कारण ते खरं होतं. लग्नाच्या दिवशी त्याची वीस वर्षांची गाडी हॉलच्या दारातच वाफा सोडत उभी राहिली होती, आणि फेटा बांधलेल्या व्याह्यांनी ती ढकलली होती. फोन ठेवतानाच रघूने मनाशी ठरवलं, आता मासा आपला आणि गाडीही आपलीच.

गॅरेजवाल्याने गाडी बघून सांगितलं होतं, "काका, सगळ्या नळ्या कुजल्यात. रेडिएटरच्या बदला, हीटरच्यापन बदला. पुढच्या आठवड्यात आणा. आनि वाटेत कधी काटा वर गेलाच, तर हीटर लावा. इंजिनाची गरमी आत ओढून घेतो तो." रत्नागिरीत हीटर! रघू तिथेच मोठ्याने हसला होता. पुढच्या आठवड्यापर्यंत थांबायला त्याला वेळ नव्हता, आणि गरजही वाटत नव्हती. ज्याने उभा जन्म बोटीवर इंजिन चालवलं, त्याला इंजिन गार कसं ठेवायचं हे कोण शिकवणार?

रेडिएटरच्या नळ्या झकास बसल्या. हीटरच्याही बसल्या, पण क्लिपा संपल्या, आणि दुकानवाला दुपारची झोप काढायला घरी गेलेला. मग रघूने घरातून जाळ्याची नायलॉनची दोरी आणली आणि हीटरच्या नळ्यांची तोंडं करकचून बांधून टाकली.

"अवो, तिथं क्लिप लागते ना?" गुणवंती म्हणाली.

"ह्याच गाठीनं वादळात जाळा धरून ठेवलान. ही नळी म्हंजे काय?"

गाठीबद्दल तो म्हणाला ते अगदी बरोबर होतं. फक्त वादळातला समुद्र उकळत नसतो, एवढंच त्याच्या लक्षात आलं नाही.

रविवारी पहाटे गुणवंतीने जेटीवर जाऊन बांगडे निवडले. मासळी विकण्यात तिचे केस पांढरे झाले होते, पण लेकीसाठी मासा निवडताना तिने असा काही घोळ घातला, की ओळखीची खलाशी पोरंही कंटाळली. बर्फाच्या थराखाली बांगडे ठेवून पेटी मागच्या सीटवर चढली, आणि नवी हिरवी साडी नेसलेली गुणवंती पेटीच्या झाकणावर हात ठेवून शेजारी बसली. रघूने कडक इस्त्रीचा पांढरा शर्ट घातला, रेडिएटरमध्ये कूलंटऐवजी नळाचं पाणी भरलं, गाडीला नारळ वाढवला आणि निघाला. गाडी कशी, लोण्यासारखी पळाली.

हातखंब्याला एक मोटरसायकलवाला शेजारी आला. "काका, खालून पाणी गळतंय!"

रघूने खिडकीतून वाकून पाहिलं. खरंच, गाडीखालून पाण्याची बारीक धार लागली होती. ती बघून त्याचा चेहरा खुलला. बोटीचं इंजिन समुद्राचं पाणी ओढून घेतं, गार होतं आणि ते पाणी बाजूने बाहेर फेकतं. ती धार चालू असली की ड्रायव्हरने निवांत विडी ओढावी आणि बंद पडली की देवाचं नाव घ्यावं, हे रघूच्या हाडीमासी खिळलेलं.

"गळत नाय रे बाबा, टाकतंय!" तो आनंदाने ओरडला.

मोटरसायकलवाला हात जोडून पुढे गेला. 

"अवो, टाकतंय ते ठीक हाय," गुणवंती म्हणाली. "पन परत घेतंय कुठून? खाली समुद्र हाय काय?"

हा प्रश्न रघूला आयुष्यात कधी पडला नव्हता, कारण खाली कायम समुद्रच होता. त्याने काट्याकडे पाहिलं. काटा चढत होता.

घाटात गाडी बाजूला घेतली. इंजिन गार होईपर्यंत दोघं एका काजूच्या सावलीत बसली. बोनेट उघडलं, तर हीटरच्या नळीवरची दोरी उकडून सैल पडलेली. रघूने ती पुन्हा आवळली, पिण्याच्या दोन्ही बाटल्या रेडिएटरमध्ये रिकाम्या केल्या आणि खाली मान घालून हीटर लावला. भर मे महिन्यात.

"बाई गो!" गुणवंती किंचाळली. "बंद करा! माझे बांगडे शिजतील!"

"बंद केला तर इंजिन शिजंल!"

संगमेश्वर गेलं, सावर्डा गेलं. शर्टाची इस्त्री उतरली, गुणवंतीचं कुंकू नाकापर्यंत आलं. बाजूने जाणाऱ्या एस.टी.तले लोक, काचा उघड्या टाकून टॉवेलने वारा घेणाऱ्या या जोडप्याकडे माना वळवून बघत होते. चिपळूण मागे पडलं आणि परशुराम घाट सुरू होताना काटा पुन्हा वर गेला. पुन्हा थांबा, पुन्हा वाट बघा. आता पाणी नव्हतं. रघूने हळूच पेटीकडे पाहिलं.

"बघूसुद्धा नका," गुणवंती म्हणाली. "तो दिशाचा बर्फ हाय."

"गो, गाडीच नाय पोचली तर मासा कसा पोचंल?"

"फक्त वितळलेला पानी घ्या. बर्फाला हात लावायचा नाय."

वितळलेलं पाणी गेलं, आणि घाट चढून येईपर्यंत बर्फही गेला. आता रेडिएटरमध्ये बांगड्याचं पाणी खळाखळा उकळत होतं, सैल नळीतून त्याची वाफ निघत होती, आणि हीटरचा पंखा ती इमानेइतबारे आत आणून दोघांच्या तोंडावर सोडत होता. लोट्याच्या कारखान्यांजवळून जातानासुद्धा गाडीत दुसरा कुठलाही वास शिरू शकला नाही.

खेडमध्ये शिरल्यावर पहिल्यांदा दखल घेतली ती मांजरांनी. गाडी व्याह्यांच्या अंगणात उभी राहिली, दारं उघडली, आणि आतून घामाने निथळणारे रघू-गुणवंती व त्यांच्यामागून वाफेचा लोट बाहेर आला.

"रघुनाथराव," यजमान व्याही नाकाला रुमाल लावून म्हणाले, "मी म्हटलं होतं, गाडी पाठवतो."

 रघू गुणवंतीकडे बघत होता. तिने पेटी उघडली, एक बांगडा उचलून कल्ला पाहिला, बोटाने पाठ दाबली, नाकाशी नेला आणि झाकण लावलं.

"नाय," ती हळूच म्हणाली. "हा मासा मी गिऱ्हाइकाला दिला नसता. लेकीला कसा देऊ?"

रघू पायरीवर बसला. मंडपात व्याह्यांनी हौसेने नावेतलं डोहाळजेवण मांडलं होतं. थर्माकोलची नाव, खाली निळ्या साड्यांचा समुद्र, शिडाला फुलांच्या माळा. आणि खरा नाववाला मात्र रिकाम्या हाताने दारात बसला होता. पोरीने आयुष्यात पहिल्यांदा हट्टाने काही मागितलं आणि आपण ते आपल्या मिजाशीपायी वाटेत उकडून टाकलं, या विचाराने त्याला रडू यायचंच बाकी राहिलं.

तेवढ्यात फुलांचे दागिने घातलेली दिशा बाहेर आली. आईबाबांना हाक मारणार तोच ती थबकली आणि नाक वर करून हुंगू लागली. मग आईला ओलांडून, मांजरांना बाजूला करत ती सरळ गाडीकडे गेली, पुढच्या सीटवर बसली आणि डोळे मिटून तिने मोठा श्वास घेतला. बाबांचे डिझेलचे हात, जाळ्याची दोरी, खारं पाणी, उकडलेला बांगडा.

"बाबा," ती म्हणाली, "हाच वास! अख्खी जेटी आणलीत की वो तुमी!"

"दिशा, आत ये, नावेत बसायचंय," सासूबाई म्हणाल्या.

"मी इथंच बसते. आई, मला वरणभात आणा ना. भूक लागलीय."

भूक! तो एक शब्द ऐकून सासूबाई स्वयंपाकघराकडे धावल्याच. दिशाने गाडीत बसून वासावर वरणभात खाल्ला, पुन्हा मागून घेतला, वर खीर खाल्ली. दर्शन तोंड उघडं टाकून बघत राहिला. जमलेल्या बायकांनी खिडकीतूनच तिला ओवाळलं आणि ओटीही खिडकीतूनच भरली. गुणवंती डोळे पुसत होती आणि घाम आहे म्हणून सांगत होती.

"वास कमी झाला," दिशा मध्येच म्हणाली. "बाबा, हीटर लावा ना."

हीटर लावायचा तर इंजिन चालू हवं, आणि इंजिन चालू तर पाणी हवं. रघूने उठून गाडी चालू केली. थोड्याच वेळात खाली धार लागली.

"बाबा, गाडी गळतेय."

"गळत नाय गो, टाकतेय."

"मग परत घेतेय कुठून?"

रघूने बोनेटकडे बोट दाखवलं. तिथे रेशमी झब्ब्याच्या बाह्या वर सारून, नाकाला रुमाल बांधून, खेडचे व्याही बादलीने पाणी ओतत होते.